तारीख लिहायची, पण कुणासाठी?

कॉम्प्युटरला तारीख माहीत नसते, त्याला फक्त एक आकडा माहीत असतो. बहुतेक सिस्टिममध्ये हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० या दिवशी ग्रिनिचच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले, तेव्हापासून उलटलेले सेकंद. १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात सकाळी साडेसात वाजता हा आकडा होता १७२३६८७२००, म्हणजे एकशे बहात्तर कोटी छत्तीस लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. त्यात गुरुवार नाही, ऑगस्ट नाही, सकाळ नाही, आणि भारतही नाही. हे सगळं आपण नंतर त्यात भरतो. या भरण्याच्या कामाला प्रोग्रॅमर मंडळी 'तारीख फॉरमॅट करणं' म्हणतात.

काम एका ओळीचं असतं, त्यामुळे ते नवशिक्याकडे जातं किंवा घाईत उरकलं जातं. पण ज्याचा प्रोग्रॅम बिलं छापतो, परीक्षेची हॉलतिकिटं काढतो किंवा दवाखान्याची वेळ कळवतो, त्याने या एका ओळीकडे दहा ओळींइतकं लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. कारण इथे चूक झाली तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. तो चुकीची तारीख अगदी व्यवस्थित छापतो आणि पुढे चालू लागतो.

वरचाच आकडा घ्या. त्याच क्षणी मुंबईत गुरुवार, १५ ऑगस्टची सकाळ होती. लंडनमध्ये पहाटेचे तीन वाजले होते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घड्याळात अजून बुधवार, १४ ऑगस्टच्या रात्रीचे दहा होते. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणजे 'आज तारीख काय?' या प्रश्नाला 'कुठे?' हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही. आणि उत्तर मिळालं तरी ते लिहायचं कसं, हे ते कोण वाचणार आहे त्यावर ठरतं.

वाचणारे दोनच प्रकारचे असतात: दुसरा प्रोग्रॅम किंवा माणूस. प्रोग्रॅमला कधीही न बदलणारं, एकाच साच्यातलं लिखाण लागतं. माणसाला त्याच्या भाषेतलं, त्याच्या सवयीचं लिखाण लागतं. मी आजवर पाहिलेले तारखांचे बहुतेक बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, एकाच गोष्टीतून आले आहेत: एकासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या हातात पडला. पुढचं सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे.

यंत्राने यंत्रासाठी लिहिलेली तारीख

हा भाग सोपा आहे, कारण तो जगाने एकत्र बसून ठरवून टाकला आहे. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आलं. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०८-१५. वेळ जोडायची तर मध्ये टी हे अक्षर, मग तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटी ही वेळ कुठली आहे त्याची खूण. भारतीय वेळ असेल तर अधिक ०५:३०, आणि ग्रिनिचची म्हणजे यूटीसी असेल तर झेड. इंटरनेटवर वापरण्यासाठी याच मानकातून छाटून काढलेला नेमका साचा आरएफसी ३३३९ या नावाने २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मोठ्या भागाकडून लहान भागाकडे जाण्याचा मोठा फायदा आहे. अशा तारखा अक्षरं समजून क्रमाने लावल्या तरी आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. फाइलच्या नावात २०२४-०८-१५ लिहिलं की फोल्डर उघडल्यावर सगळं ओळीने दिसतं. १५-०८-२०२४ लिहिलं तर वेगवेगळ्या महिन्यांच्या पंधरा तारखा एका ढिगात येतात.

याउलट ०३/०४/२०२४ म्हणजे काय? आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा असेल तर गोंधळ लगेच उघडा पडतो, कारण पंधरावा महिना नसतो. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असले तर मात्र काही कळत नाही. दोन्ही आकडे सारखे असलेले बारा दिवस सोडले, तर वर्षातले १३२ दिवस असे दुटप्पी आहेत. ऑफिस पुण्यात आणि क्लायंट शिकागोत, अशा टीममध्ये हा साचा वापरणं म्हणजे वर्षातला एक तृतीयांशाहून जास्त काळ अंदाजावर चालवणं.

वर्ष दोन आकड्यांत लिहिण्याबद्दलही तेच. सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये दोन आकडी वर्ष वाचताना नियम असा आहे की ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. आता १९७२ साली जन्मलेल्या माणसाने फॉर्मवर '७२' लिहिलं तर सगळं ठीक. १९६५ साली जन्मलेल्याने '६५' लिहिलं, तर प्रोग्रॅमच्या लेखी त्याचा जन्म २०६५ साली व्हायचा आहे. म्हणजे पेन्शनच्या फॉर्मवर नेमक्या ज्येष्ठ नागरिकांच्याच तारखा उलटतात. यंत्रासाठी लिहिताना वर्षाचे चार आकडे लिहावेत, यात मला तडजोड मान्य नाही.

अक्षरांचा घोळ

तारीख कशी दिसावी हे प्रोग्रॅमला सांगण्यासाठी खुणांची अक्षरं असतात. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात एसटीआरएफटाइम नावाचं फंक्शन आहे. त्यात परसेंटच्या चिन्हापुढे एकेक अक्षर लिहायचं: कॅपिटल वाय म्हणजे पूर्ण वर्ष, स्मॉल एम म्हणजे महिना, स्मॉल डी म्हणजे दिवस, कॅपिटल एच म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळातला तास, कॅपिटल एम म्हणजे मिनिट. पायथन आणि रुबी याच वळणाने जातात.

जावाने परसेंट काढून टाकला आणि अक्षरंच पुन्हा पुन्हा लिहायची पद्धत आणली. चार वाय म्हणजे चार आकडी वर्ष, दोन एम म्हणजे दोन आकडी महिना. ही पद्धत वाचायला सोपी आहे. फक्त इथे कॅपिटल एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम म्हणजे मिनिट, म्हणजे सीच्या बरोबर उलट. दोन्ही भाषांत रोज लिहिणाऱ्याची बोटं इथे घसरतातच.

ही घसरण जवळून पाहू. सकाळी साडेसातला जावामध्ये महिन्याच्या जागी मिनिटाचं अक्षर पडलं, तर छापून येईल १५/३०/२०२४. तिसावा महिना दिसला की कुणाचंही लक्ष जाईल. पण हाच कोड ऑगस्टमध्ये सात वाजून आठ मिनिटांनी चालवला तर येईल १५/०८/२०२४. अगदी बरोबर! टेस्ट पास, कोड लोकांच्या वापरात गेला. म्हणून तारखेची टेस्ट 'आत्ताच्या' वेळेवर कधी लिहू नये. ठरवलेला एक क्षण घ्यावा, आणि त्यातला दिवस, महिना, तास, मिनिट, सेकंद हे पाचही आकडे एकमेकांपासून वेगळे असावेत. तास बारापेक्षा मोठा असावा, म्हणजे बारा आणि चोवीस तासांच्या घड्याळांमधला फरकही पकडला जाईल.

दिवसाच्या अक्षराचंही असंच. जावामध्ये स्मॉल डी म्हणजे महिन्यातला दिवस आणि कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. कॅपिटल लिहिलं की १५ ऑगस्ट २०२४ चं २२८/०८/२०२४ होतं. गंमत अशी की जानेवारीभर हा कोड बिनचूक चालतो, कारण जानेवारीत दोन्ही आकडे सारखेच असतात. फेब्रुवारी उजाडला की फोन यायला लागतात.

पण सगळ्यांत लबाड अक्षर म्हणजे जावातला कॅपिटल वाय. स्मॉल वाय म्हणजे आपलं नेहमीचं वर्ष. कॅपिटल वाय म्हणजे 'आठवड्यांचं वर्ष'. हे कुणी उगाच काढलेलं नाही. युरोपात कारखाने, पगार, वेळापत्रकं आठवड्याच्या क्रमांकावर चालतात आणि तिथे आठवडा मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे आयएसओचा नियम असा की आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो त्या वर्षाचा पहिला आठवडा. १ जानेवारी २०१५ गुरुवारी होती. म्हणून सोमवार, २९ डिसेंबर २०१४ हा दिवस आठवड्यांच्या हिशेबात २०१५ सालात गेला.

नेमक्या त्याच दिवशी ट्विटरच्या सर्व्हरने आजची तारीख २९ डिसेंबर २०१५ असल्याचं सांगायला सुरुवात केली आणि अँड्रॉइडवरचे असंख्य लोक आपोआप लॉगआउट झाले. महिना बरोबर, दिवस बरोबर, वर्ष तेवढं एकाने पुढे. आठवड्यांचं वर्ष आणि साधा महिना-दिवस एकत्र आले की नेमकं असंच दिसतं.

भारतीय सेटिंगमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तोच पहिला आठवडा धरला जातो. त्यामुळे इथे कॅपिटल वाय लिहिलेला कोड रविवार, २९ डिसेंबर २०२४ पासून तीन दिवस वर्ष २०२५ छापत राहिला असता. अशा कोडची टेस्ट जूनमध्ये केली तर हजार वेळा पास होईल. बग वर्षाच्या शेवटच्या काही दिवसांत जागा होतो, जेव्हा निम्मी टीम सुट्टीवर असते आणि हिशेबखात्याला वर्षअखेरीचे रिपोर्ट हवे असतात.

गो भाषेने हा अक्षरांचा खेळच मोडून टाकला. तिथे तुम्ही एक नमुना तारीख हव्या त्या रूपात लिहून दाखवायची, प्रोग्रॅम बाकीच्या तारखा तशाच लिहितो. नमुना मात्र ठरलेलाच: २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद, यूटीसीच्या सात तास मागे. अमेरिकन क्रमाने मांडलं की महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, टाइमझोन ७. दुसरी कुठलीही तारीख नमुना म्हणून चालत नाही. कल्पना सुंदर आहे, पण महिना आधी ही अमेरिकन सवय ज्याच्या अंगात नाही त्याला हा क्रम पाठच करावा लागतो.

जावास्क्रिप्टची कहाणी जुन्या वारशाची आहे. सी भाषेत महिने शून्यापासून मोजले जात, कारण तो आकडा महिन्यांच्या नावांच्या यादीत थेट वापरता यायचा, आणि वर्ष १९०० पासून मोजलं जाई. जावाच्या पहिल्या तारीख-क्लासने ते उचललं आणि १९९५ मध्ये जावास्क्रिप्टने ते जावाकडून घेतलं. म्हणून तिथे ऑगस्टचा महिना विचारला की ७ मिळतो, पण पंधरा तारीख विचारली की १५ च मिळते. जुन्या पद्धतीने वर्ष विचारलं की २०२४ साली १२४ मिळतं. २००० साल उजाडलं तेव्हा कित्येक वेबसाइटवर '१९१००' हे वर्ष झळकलं ते यामुळेच: १९ हे आधीच लिहून ठेवलेलं होतं आणि पुढे आकडा जोडला गेला तो १००.

साडेअठराचं कोडं

भारतात वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने डेटाबेसमध्ये कधी ना कधी १८:३० ही वेळ पाहिली असेल. कुणीच संध्याकाळी साडेसहाला काही केलेलं नसतं, तरी रांगेने १८:३०, १८:३०, १८:३०.

होतं असं. वापरणारा फॉर्मवर जन्मतारीख निवडतो, १५ ऑगस्ट. जावास्क्रिप्ट त्याचा अर्थ घेते '१५ ऑगस्ट, भारतीय वेळेप्रमाणे रात्रीचे बारा'. सर्व्हरकडे पाठवताना ती यूटीसीत बदलते. भारत साडेपाच तास पुढे, म्हणून यूटीसीत ती वेळ होते १४ ऑगस्ट, १८:३०. सर्व्हरवर कुणीतरी फक्त पहिले दहा आकडे-चिन्हं कापून घेतं आणि मुलगा एक दिवस आधी जन्मतो. शाळेच्या दाखल्यावर, विम्याच्या पॉलिसीवर. अमेरिकेत हेच उलट्या बाजूने होतं. तिथे नुसती २०२४-०८-१५ अशी तारीख जावास्क्रिप्टला दिली की ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते आणि पडद्यावर १४ ऑगस्ट दिसतो.

चूक फॉरमॅटिंगची दिसते, पण मुळात ती समजुतीची आहे. जन्मतारीख हा क्षण नाही. तिला टाइमझोन नसतो. पुण्यात जन्मलेली मुलगी सिडनीला गेली म्हणून तिचा वाढदिवस सरकत नाही. अशा गोष्टींसाठी नुसती तारीख ठेवणारा वेगळा प्रकार वापरायला हवा. पायथनमध्ये तो २००३ पासून आहे, जावामध्ये २०१४ च्या आठव्या आवृत्तीबरोबर नीट आला. जावास्क्रिप्टसाठी टेम्पोरल नावाचा नवा संच तयार झाला असून २०२५ मध्ये तो फायरफॉक्समध्ये आला. बैठकीची वेळ, पैसे भरल्याची वेळ, ओटीपी पाठवल्याची वेळ हे मात्र क्षण आहेत. ते यूटीसीत साठवावेत आणि दाखवताना वाचणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये लिहावेत.

टाइमझोन सांगताना 'अधिक साडेपाच' लिहिण्यापेक्षा 'एशिया/कोलकाता' हे नाव लिहिणं चांगलं. भारतात आज फरक पडत नाही, कारण आपण घड्याळं पुढेमागे करत नाही. पण पूर्वी केली आहेत! दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची घड्याळं एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. टाइमझोनच्या जागतिक डेटाबेसमध्ये याची नोंद आहे. १९४४ सालची एखादी वेळ एशिया/कोलकाता लावून फॉरमॅट केली तर लायब्ररी, म्हणजे या कामासाठीचा तयार कोडचा संच, इमानेइतबारे अधिक ०६:३० छापते. पाहणाऱ्याला तो बग वाटतो, पण तो इतिहास आहे. मुंबईची गोष्ट आणखी निराळी. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईत स्वतःची 'बॉम्बे टाइम', प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत चालू होती. डेटाबेसमध्ये मुंबईसाठी वेगळं नाव नाही, त्यामुळे आजोबांच्या जन्मवेळेवरून पत्रिका काढणारं अ‍ॅप लिहिणाऱ्याने या ३९ मिनिटांचा विचार स्वतः करायला हवा.

फोन मराठीत केला, आणि अ‍ॅप बंद पडलं

आता माणसासाठीच्या तारखेकडे येऊ. हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

महिन्यांची नावं, वारांची नावं, दिवस आधी की महिना आधी, आकडे कुठल्या लिपीत, ही सगळी माहिती जगातल्या शेकडो भाषांसाठी युनिकोड या, सगळ्या लिप्यांमधल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या सीएलडीआर नावाच्या भांडारात ठेवलेली असते. अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर, जावा, सगळे तिथूनच घेतात. भाषा आणि प्रदेश मिळून जी सेटिंग होते तिला लोकेल म्हणतात. लोकेल मराठी-भारत दिलं आणि लांब रूपातली तारीख मागितली की मिळतं: गुरुवार, १५ ऑगस्ट, २०२४. एक अक्षरही आपल्याला भाषांतरित करावं लागत नाही.

इथे एक गोष्ट फार थोड्या प्रोग्रॅमरना माहीत असते. सीएलडीआरमध्ये हिंदीसाठी न सांगता मिळणारे आकडे इंग्रजी आहेत, मराठीसाठी देवनागरी. मला हा निर्णय योग्य वाटतो. आपली वर्तमानपत्रं, एसटीच्या पाट्या, दिनदर्शिका, सगळीकडे देवनागरी आकडे रोज वाचले जातात. पण याचा परिणाम असा की भारतीय भाषांची चाचणी फक्त हिंदीत करणाऱ्या टीमला मराठीतला बग कधीच दिसत नाही.

तो बग असा. अँड्रॉइडवर कोड लिहिणारा सर्व्हरला पाठवण्यासाठी तारीख तयार करतो. साचा बरोबर असतो: वर्ष, महिना, दिवस. लोकेल मात्र तो सांगत नाही. न सांगितलं की फोनचं लोकेल घेतलं जातं. त्याचा स्वतःचा फोन इंग्रजीत, टेस्ट करणाऱ्याचा इंग्रजीत, मॅनेजरचा इंग्रजीत. सगळं चालतं. मग सोलापुरातली एखादी बाई फोनची भाषा मराठी करते, आणि तिच्या फोनवरून सर्व्हरला जी तारीख जाते तिच्यातला प्रत्येक आकडा देवनागरी असतो. सर्व्हर म्हणतो, ही तारीख नाही. पडद्यावर येतं, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा'. ती पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी तिला सांगतं, 'फोन इंग्रजीत करा, मग चालेल.' आणि खरोखरच चालतं.

स्वतःच्या भाषेत फोन वापरला म्हणून एखादीची नोंदणी अडावी, हे मला सहन होत नाही. आणि दुरुस्ती एका शब्दाची आहे. यंत्रासाठी तारीख लिहिताना लोकेल स्पष्ट सांगायचं: जावामध्ये 'रूट' नावाचं भाषाविरहित लोकेल असतं, ते द्यायचं. माणसासाठी लिहिताना त्याचं लोकेल द्यायचं. 'न सांगता' हा पर्याय दोन्हीकडे वापरायचाच नाही.

समोरचा सर्व्हर कुठल्या भाषेत लिहिला आहे त्यावरही गोंधळाचं रूप बदलतं. देवनागरीतलं २०२४ पायथनच्या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला दिलं तर ते मुकाट्याने इंग्रजी आकड्यांतल्या २०२४ सारखंच स्वीकारतं, कारण ते युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतं. जावाही ओळखतं. जावास्क्रिप्ट ओळखत नाही, तिथे उत्तर येतं 'हा आकडा नाही'. आणि तारीख जर डेटाबेसमध्ये मजकूर म्हणूनच साठवली, तर तक्रार कुणीच करत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांचे क्रमांक इंग्रजी अंकांच्या पुढचे आहेत, म्हणून क्रमवारी लावली की सगळ्या मराठी ओळी शेवटी जाऊन बसतात. २०१९ ची देवनागरी तारीख २०२४ च्या इंग्रजी तारखेनंतर.

मराठी लोकेल हवं पण आकडे इंग्रजी हवेत, अशीही सोय आहे. लोकेलच्या नावाला अंकपद्धतीची शेपटी जोडता येते. तशीच शेपटी पंचांगासाठीही आहे. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका मागितली की १५ ऑगस्ट २०२४ च्या जागी २४ श्रावण १९४६ मिळतं. ही १९५७ पासून लागू झालेली सरकारी सौर दिनदर्शिका आहे, तिच्यावरून श्रावणी सोमवार किंवा एकादशी काढू नये. पंचांगातली तिथी चंद्र-सूर्याच्या गणितावर चालते आणि ते काम या लायब्ररींचं नाही.

माणसासाठी लिहिलेला मजकूर बदलूही शकतो, हे लक्षात ठेवायला हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीएलडीआरच्या ४२ व्या आवृत्तीत अमेरिकन इंग्रजी वेळेतल्या मिनिटांच्या आणि एएम-पीएमच्या मधली साधी मोकळी जागा काढून तिथे एक वेगळी, अरुंद, न तुटणारी मोकळी जागा घातली गेली. छपाईच्या दृष्टीने तो चांगला बदल होता, कारण वेळ एका ओळीत आणि पीएम दुसऱ्या ओळीत असं होत नाही. मार्च २०२३ मध्ये हा बदल जावाच्या २० व्या आवृत्तीत पोहोचला आणि जिथे जिथे कोड हा मजकूर परत वाचून वेळ काढत होता, तिथे तो कोसळला. डोळ्यांना दोन्ही मजकूर तंतोतंत सारखे दिसतात, त्यामुळे चूक शोधायला अनेकांना बराच वेळ गेला. पण माणसासाठी सजवलेला मजकूर यंत्राने परत वाचावा, हे कधी ठरलेलंच नव्हतं.

लायब्ररीला न येणारं मराठी

७:३० हे घड्याळ झालं. मराठी माणूस म्हणतो साडेसात. निरोप किंवा बोलून दाखवणारं अ‍ॅप मराठीत करायचं असेल तर हे स्वतः लिहावं लागतं, आणि लिहायला मजा येते. पंधरा मिनिटांना 'सव्वा' आणि तास, तीसला 'साडे' आणि तास, पंचेचाळीसला 'पावणे' आणि पुढचा तास. मग अपवाद: १:३० म्हणजे दीड, २:३० म्हणजे अडीच. १:१५ ला नुसतं सव्वा. १२:४५ ला कुणी पावणेएक म्हणेल, जुन्या वळणाचं माणूस पाऊण म्हणेल. क्रियापदही बदलतं: एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, पण पावणेदोन वाजले, अडीच वाजले. यातून सुटायचं असेल तर वाक्य 'वाजता'वर संपवावं. 'दीड वाजता', 'अडीच वाजता', सगळ्यांना एकच रूप चालतं.

वारांच्या बाबतीत मराठी उदार आहे. लायब्ररी 'गुरुवार' देते, वाक्यात 'गुरुवारी' हवं. सातही वारांना नुसती दीर्घ वेलांटी जोडली की काम होतं. 'गुरुवार ला' असं मध्ये जागा सोडून चिकटवलेलं वाक्य पाहिलं की कळतं, इंग्रजी साच्यात शब्द भरून ठेवले आहेत. पूर्ण वाक्याचा साचा मराठीत वेगळा लिहावा आणि तारखेची जागा त्यात मराठी क्रमाने ठेवावी.

आणि मध्यरात्रीची गाडी. १६ ऑगस्ट, ००:१० ला सुटणाऱ्या गाडीचा मेसेज लायब्ररी बिनचूक लिहिते: शुक्रवार, १६ ऑगस्ट, ००:१०. पण तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात ती 'गुरुवारी रात्रीची गाडी' असते, कारण आपल्या बोलण्यात झोपून उठेपर्यंत वार बदलत नाही. शुक्रवार वाचून तो शुक्रवारी रात्री जेवून निघतो आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. बारा तासांच्या घड्याळात १२:१० एएम लिहिलं तर आणखी वाईट, ते दुपारचे बारा की रात्रीचे यावर निम्मी माणसं अडतात. इथे वेळ रात्री बारा ते पहाटे चारच्या मध्ये असेल तर मेसेजला एक वाक्य जोडणारी अट कोडमध्ये घालावी: 'गुरुवारी रात्री बारानंतर दहा मिनिटांनी. स्टेशनवर गुरुवारी रात्रीच पोहोचा.'